बारावा अध्याय, पाच सप्ते आणि दोन लग्नं

अकोला जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. वय वीस. आळंदीत एका साधकाश्रमात राहून तिसरं वर्ष पूर्ण झालं. २० एप्रिल ते २० जून तो घरी आहे. या दोन महिन्यांत दोन जिवलग मित्रांची लग्नं आहेत, पाच गावांहून सप्त्यात कीर्तनाचे निरोप आलेत, गावात मुलांचं शिबिर घ्यायचंय, आळंदीचे चार सोबती मुक्कामाला येणार आहेत आणि त्यांच्यासोबत संतांची ठिकाणं फिरायची आहेत. बाबांना पेरणीआधीच्या कामात हात हवा आहे. अध्यापकांनी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय पाठ करायला आणि अमृतानुभव वाचून यायला सांगितलंय. त्याचा प्रश्न एकाच ओळीचा आहे: काय धरू आणि काय सोडू?

माउली, वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे असाल, पण आमच्यात विद्यार्थ्यालाही अहो-जाहो करतात, म्हणून तुम्हीच म्हणतो. मी बुलडाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा. कीर्तन आणि अध्यापन मिळून तीस वर्षं होऊन गेली. दर उन्हाळ्यात आळंदीहून परतलेली पोरं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची यादी तुमच्यासारखीच असते. त्यातलं सोडायचं काय, हे मी आधी सांगतो. पाचांपैकी तीन सप्ते सोडा. बाकी सगळं बसतं.

हे वाचून वाईट वाटेल. निरोप येणं म्हणजे नाव होणं, आणि या वयात ते कुणाला नको असतं? मलाही हवं होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी चैत्र ते ज्येष्ठ एकोणीस कीर्तनं केली. अभंग तीनच होते. चाली पाठ, दृष्टांत पाठ, कुठे हशा येतो आणि कुठे बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात तेही पाठ. एका गावात कीर्तन झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. तिथले विणेकरी म्हातारे होते, अक्षरओळख नसलेले. ते शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "महाराज, त्या बाराव्या अध्यायातल्या ओवीत 'परौतें' म्हनता तुमी, ते काय व्हय जी?"

ओवी तुम्हाला माहीत असेलच. 'कां रायाचें देह चाळूं । रंका परौतें गाळूं । हें न म्हणेचि कृपाळू । प्राणु पैं गा ॥' प्राण राजाच्या देहात राहतो तसाच भिकाऱ्याच्याही देहात राहतो, असा एकूण अर्थ मी सांगून मोकळा होत असे. पण 'परौतें' या शब्दापाशी कधी थांबलोच नव्हतो. मी गप्प राहिलो. बाबाजींनीच सांगितलं, "परौतें म्हंजे परतं. दूर. लेकराले नाई का म्हनत, परतं हो म्हून. प्रान गरिबाले परतं हो म्हनत नाई." त्यांच्या बोलण्यात हिणवणं नव्हतं. त्यांनी पन्नास वर्षं वीणा धरली होती, त्या पन्नास वर्षांत तो अध्याय कानांवर पडून पडून त्यांच्या बोलीत मुरला होता. मी तोच अध्याय गळ्याने म्हणत होतो. पुढच्या उन्हाळ्यात मी दोनच कीर्तनं केली आणि बाकीचे दिवस त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलो. त्या उन्हाळ्यात जे मिळालं ते मला आळंदीच्या वर्गात मिळालं नव्हतं, आणि त्यात वर्गाचा काही दोष नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी उन्हाळा हा ऐकण्याचा काळ आहे. वऱ्हाडातल्या गावोगावी असे विणेकरी, टाळकरी, जुने मृदंगी अजून आहेत. ते तुमच्या आश्रमात येणार नाहीत, तुम्हालाच त्यांच्याकडे जावं लागेल. आणि त्यांची वयं पाहता, हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकता येत नाही.

आता यंदाचं पंचांग समोर घ्या, कारण तुमची अर्धी धावपळ त्यानेच केलेली आहे. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून हा धोंड्याचा महिना. त्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून दोन्ही मित्रांची लग्नं त्याच्या आधीच्या चार आठवड्यांत येऊन पडलीत. आणि लग्नं नाहीत म्हणून गाव मोकळं असतं, पुण्याचा महिना म्हणून सप्ते बसतात. लेकी-जावई धोंड्याच्या जेवणाला येतात, तेहेतीस अनारसे ताटात पडतात आणि संध्याकाळी सगळं घर मंडपात. निरोप पाच येण्याचं कारण हेच आहे. चांगलं कीर्तन करणारे सगळे या महिन्यात आधीच ठरलेले असतात, मग गावं विद्यार्थ्यांकडे वळतात. हे ओळखलंत की डोक्यात हवा जाणार नाही आणि नाही म्हणायलाही जड जाणार नाही.

पण एक गोष्ट पोरांच्या ध्यानात येत नाही. अधिक महिना चंद्रावर चालतो आणि मृग नक्षत्र सूर्यावर. महिना वाढला म्हणून मृग पुढे सरकत नाही, तो ७-८ जूनलाच लागतो. म्हणजे सप्त्यांचा जोर आणि तुमच्या बाबांच्या कामाचा जोर एकाच वेळी येणार. पऱ्हाट्या निघाल्या असतील, शेणखत पसरायचं असेल, धुरे, म्हणजे बांध, साफ करायचे असतील, बियाणं-खताची धावपळ असेल. १ ते १२ जून हे दिवस बाबांचे धरा. त्या काळातला एकही निरोप घेऊ नका, मग तो कितीही मोठ्या गावचा असो. तीन वर्षं ज्या घराने तुमच्याविना शेती केली, त्याला बारा दिवस देणं हे परमार्थाच्या आड येत नाही. आणि पाऊस लांबला, पेरणी पुढे गेली, तर वाईट वाटून घेऊ नका. पेरणीच्या आधीचंच काम जास्त असतं.

मे महिन्याच्या आधारे अभ्यासही बसवता येतो. बाराव्या अध्यायाच्या ओव्या २४७. मे महिन्याचे दिवस ३१. रोज आठ ओव्या धरल्या तर ३१ मेला अध्याय पुरा होतो आणि शेवटच्या दिवशी सातच उरतात. आठ हा आकडा मी नेमून ठेवलाय. पोरं पहिल्या आठवड्यात रोज वीस-वीस करतात, मग लग्नात चार दिवस जातात, मग चुकल्यासारखं वाटून पोथीच उघडत नाहीत. आठच करा, पण लग्नाच्या दिवशीसुद्धा करा. पहाटे साडेचारला उठायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर नाहीतर अंगणात बाजेवर झोपतं, त्या वेळी थोडी गार झुळूक असते. आधी कालच्या आठ म्हणायच्या, मग आजच्या आठ. दर रविवारी पहिल्या ओवीपासून जिथवर आलात तिथवर सगळं एका दमात. 'जय जय वो शुद्धे' पासून सुरुवात करून मध्ये अडलात तर तिथे बोट ठेवून पोथी पाहा, पण पुन्हा पहिल्यापासून म्हणा. जून लागला की नवीन काही पाठ करायचं नाही. धुऱ्यावर काम करताना तोंडाने चालू ठेवायचं.

अकरा ते पाच उन्हात फिरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. अकोल्याचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं तेव्हा पाठांतर होत नाही, डोकं तापतं. पण अर्थ लावायला तीच वेळ बरी. माठ जवळ घ्या, कूलर असेल तर त्याच्यासमोर बसा, आणि सकाळच्या आठ ओव्यांतला एकेक शब्द घरच्या माणसांना विचारा. हो, घरच्यांनाच. तुमच्या आजी 'म्या केलं' म्हणतात की नाही? तुकोबांच्या अभंगातलं 'काय म्यां पामरें' यातलं 'म्यां' तेच आहे. आपण आळंदीला जाऊन शहरी बोलायला शिकतो आणि नेमकी ग्रंथाजवळची बोली विसरतो. वऱ्हाडी बोलायची लाज बाळगू नका. ज्ञानोबा-तुकोबांचा शब्द उघडायला ती फार कामाची आहे.

बाराव्या अध्यायातले दृष्टांत तर उन्हाळ्यातच कळतात. गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावं, असं पाण्याला माहीतच नसतं, ही ओवी तुम्ही ज्या गावात टँकर येतो तिथे उभं राहून म्हणून पाहा. जो घाव घालतो त्यालाही आणि ज्याने लावलं त्यालाही झाड सारखीच सावली देतं, हे दुपारी दोन वाजता धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कीर्तनात दृष्टांत बाहेरून आणून चिकटवायची सवय हल्ली फार झाली आहे. ओवीतलाच दृष्टांत ऐकणाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवला तर बाहेरच्या गोष्टी लागत नाहीत.

अमृतानुभवाबद्दल माझा सल्ला अध्यापकांपेक्षा थोडा वेगळा आहे, त्यांची क्षमा मागून सांगतो. दहा प्रकरणांपैकी या सुट्टीत पहिलंच घ्या, शिव-शक्तीचं. ते रोज एकदा मोठ्याने वाचा आणि अर्थ कळण्याची घाई करू नका. विचारसागर हा वेदान्ताचा ग्रंथ बरोबर आणला असेल तर तो पेटीतच राहू द्या. निश्चलदासांचे ते सात तरंग गुरूपुढे बसून ऐकायचे असतात. एकट्याने वाचलं की 'वृत्ती', 'उपाधी', 'अध्यास' हे शब्द जिभेवर येतात आणि मग गावातल्या साध्या माणसांवर फेकले जातात. मी ते केलेलं आहे. समोरचा माणूस मान हलवतो आणि आपल्याला वाटतं, त्याला कळलं.

मित्रांचं तुम्ही जरा दबक्या आवाजात लिहिलंय. गावातले मित्र 'महाराज' म्हणून हाक मारतात आणि त्यात अर्धी चेष्टा असते, पारावर गेलं की अवघडल्यासारखं होतं, ते चाकणच्या कंपनीतल्या नोकऱ्या आणि भरतीच्या गोष्टी करतात, आणि आपण त्यांच्यातले राहिलो नाही असं वाटतं. माउली, हे सगळ्यांना होतं. त्याला उपाय म्हणून पोरं दोनपैकी एक चूक करतात. एक तर पारावर जाणंच सोडतात, नाहीतर पारावर जाऊन प्रवचन करतात. तुम्ही जा आणि ऐका. भरतीची तयारी करणारा जो मित्र तुम्ही लिहिलाय, तो पहाटे धावायला जात असणार. तुम्हीही त्याच वेळी उठता. त्याला म्हणा, धावून आलास की दहा मिनिटं माझी पोथी धर. तो पोथीत बोट ठेवून बसेल, तुम्ही म्हणाल, चुकलात की तो टोकेल. बदल्यात त्याच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले प्रश्न तुम्ही त्याला विचारा. एका उन्हाळ्यात मी असे दोघे पाहिले. त्यातला एक आज पोलिसात आहे आणि त्याला बाराव्या अध्यायातल्या शंभरेक ओव्या येतात. चेष्टा कुठे गेली ते दोघांनाही कळलं नाही.

याला आपल्या वऱ्हाडात मोठा आधार आहे. माधानचे गुलाबराव महाराज. १८८१ साली लोणी टाकळीला जन्म, आणि नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. त्यांचा सगळा अभ्यास दुसऱ्याने वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असा झाला. चौतीस वर्षांचं आयुष्य, १९१५ मध्ये देह ठेवला, आणि ग्रंथ शंभराहून जास्त. स्वतःला ज्ञानोबारायांची कन्या म्हणवून घेणारा हा माणूस सोबत्यांच्या डोळ्यांनी वाचत होता. अभ्यास म्हटलं की दार लावून एकटं बसायचं, हा समज वसतिगृहातून येतो. आपला अभ्यास मुळात सोबतीनेच झालेला आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला शिक्षणसंस्था काढली, त्याआधीही लोक शिकतच होते. फडांवर, वारीत, म्हाताऱ्यांच्या मागे उभं राहून.

लग्नांबद्दल एवढंच सांगतो. दोन्ही लग्नांना आदल्या दिवशी जा. मांडवाची कामं करा, पंगतीत वाढपी व्हा. भरल्या मांडवात कुणी 'महाराज, दोन शब्द बोला' म्हणून माईक पुढे केला तर हात जोडून नवरा-नवरीला शुभेच्छा द्या आणि माईक परत करा.

आता फिरतीचं. आळंदीचे सोबती येणार आहेत, पाच जण आहात, तर अमरावती जिल्हा धरा. पाच दिवस पुरतात आणि एसटीने होतं. पोरं दिवसाला सहा ठिकाणं करतात, दर्शन, फोटो, पुढची गाडी. त्याऐवजी रोज एकच ठिकाण घ्या आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न घेऊन जा. माधानला जाऊन निवांत बसा आणि ऐकून अभ्यास कसा होतो ते एकमेकांवर करून पाहा, एकाने वाचायचं, चौघांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मग ऐकलेलं सांगायचं. तिथून रिद्धपूर. ते महानुभावांचं मोठं ठिकाण, गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांचं लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, इथलं, साधारण १२७८ चं, म्हणजे १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या बारा वर्षं आधीचं मराठी गद्य. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही उभं राहतंय. आपला आणि त्यांचा आचार वेगळा आहे, देवाविषयीचं मतही वेगळं आहे. वाद घालायला जाऊ नका. तिथल्या एखाद्या ज्येष्ठाला नम्रपणे सांगा की एक लीळा वाचून दाखवा. तेराव्या शतकातला माणूस जेवताना, चालताना, रुसताना कसा बोलत होता ते कानांवर पडेल, आणि ज्ञानेश्वरी वाचताना तो आवाज मागे ऐकू येत राहील. आमच्यातले काही जण रिद्धपूर टाळतात, ते मला पटत नाही.

मग कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीमातेचं माहेर. इथली पालखी १५९४ पासून पंढरीला जाते असं सांगतात. मे महिन्यात नदी आटलेली असते, यात्राही नसते, म्हणून मंदिर शांत मिळतं. रुक्मिणीस्वयंवरावर कधीतरी तुम्हाला बोलावं लागेल, तर ज्या गावातून ती निघाली तिथला चढ-उतार आणि घाट पायांखालून गेलेला असू द्या. तिथून गुरुकुंज मोझरी जवळ आहे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला थांबा. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि आपला मृदंग यांचा ठेका वेगळा, श्रोता मात्र एकच. ग्रामगीतेचे ४१ अध्याय सगळे वाचायची गरज नाही, तिथे बसून एखादा वाचा. गावात रस्ता कसा असावा, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं, हे ओवीत सांगता येतं आणि लोक ते डोक्यावर घेतात, हे कीर्तनकाराने पाहिलं पाहिजे.

आणि शेंडगाव. अंजनगाव सुर्जीकडचं गाडगेबाबांचं जन्मगाव. मी विद्यार्थ्यांना तिथे जायला सांगतो ते एका कारणासाठी. बाबा गावात शिरले की आधी खराटा घेत, गाव झाडत, आणि मग कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते श्रोत्यांना विचारत आणि श्रोते उत्तर देत. आपण दोन तास एकटेच बोलतो. श्रोत्याकडून उत्तर काढायचं म्हणजे त्याच्या घरात आज काय शिजलं, कुणावर किती कर्ज आहे, कुणाचं लेकरू शाळेत जात नाही, हे ठाऊक असावं लागतं. शेंडगावला गेलात तर गावात हिंडा आणि लोकांशी बोला. त्या संध्याकाळी पाचांनी मिळून ठरवा की आपल्या पुढच्या कीर्तनात लोकांना कोणता एक प्रश्न विचारता येईल.

मुक्कामाची एक गोष्ट. पाच जण कुणाच्या घरी उतरलात तर पाणी तुम्ही भरा, ताटं तुम्ही घासा. आपल्याकडे माय-माउल्या उन्हातून पाणी आणतात आणि महाराज आले म्हणून पानगे-वरण-वांग्याच्या भाजीचा घाट घालतात. चुलीपुढे त्यांना किती वेळ बसावं लागतं ते पाहा. पिठलं-भाकर पुरे म्हणून आधीच सांगा आणि सांगून मनापासून जेवा.

आता ते दोन सप्ते, जे घ्यायचे. एक आपल्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतला निवडा, म्हणजे आधीच्या दोन दिवसांत काकडा आणि हरिपाठाला तुम्ही तिथे जाऊन उभे राहू शकाल. श्रोते ओळखीचे झाले की कीर्तन वेगळं होतं. दुसरा सप्ता असा निवडा जिथे एखादा मुरलेला विणेकरी किंवा मृदंगी आहे. मोठा मंडप, मोठा स्पीकर, मोठं पाकीट, हे निकष ठेवू नका. दोन्ही मे महिन्यातच उरका. काल्याचं, म्हणजे सप्त्याच्या समारोपाचं, कीर्तन दिलं तर नम्रपणे नाकारा. काल्याला बाळक्रीडेचे अभंग आणि गोपाळांचे खेळ अंगात मुरलेले लागतात. ते वरवर येत असलं तरी वर्षभर थांबा.

पाकिटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पाच निरोप म्हटल्यावर ते मनात असणारच. घरी पीककर्ज असेल, बियाणं घ्यायचं असेल. 'जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें' हा तुकोबांचा अभंग आपण सगळे म्हणतो, आणि सगळे जेवतोही. मी यावर पुष्कळ विचार केला. माझा नियम असा झाला की कीर्तनाचा भाव सांगायचा नाही, ठरवायचा नाही, मोजायचा नाही. एसटीचं भाडं घ्यायचं, आणि कुणी प्रेमाने हातावर काही ठेवलं तर तिथल्या मृदंग्याला त्यातलं देऊन उरलेलं घरी नेऊन आईच्या हातात द्यायचं. विद्यार्थ्याला वीस वर्षांच्या वयात भाव सांगायची सवय लागली की तो पुढे अभंगही भावावर निवडतो. असे काही माझ्या हाताखालून गेले, त्यांची आठवण आली की त्रास होतो. शेतीला पैसा कमी पडत असेल तर त्या बारा दिवसांत शेतात राबणं हेच तुमचं देणं समजा. कीर्तनातून घर चालवायची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही, आणि ती येईपर्यंत पोटात भरपूर साठवून घ्या.

थोडं गळ्याचं आणि मृदंगाचं. कोरड्या हवेत स्वर चढता ठेवू नका. आश्रमात पेटीच्या काळी चार पट्टीत गात असाल तर इथे खाली घ्या, पहिल्या अर्ध्या तासात गळा ओरबाडला की उरलेला दीड तास ओढाताण होते. कीर्तन झाल्यावर लोक प्रेमाने बर्फाचं पाणी आणि कुल्फी आणतात, ती टाळा आणि माठातलं पाणी प्या. सोबत्यांपैकी जो मृदंगी आहे त्याला सांगा, इथल्या लू मध्ये धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक वाळून लवकर भेगाळते आणि शाईकडचं कातडं ओढून स्वर चढतो. ओलं फडकं जवळ ठेवायचं, मृदंग पंख्याच्या झोतात ठेवायचा नाही.

आणि कीर्तन अकराला संपलं की मोटारसायकलवर तिघं बसून घरी परतायचं नाही. सप्त्याच्या गावातच पडायचं, सकाळी काकडा करून निघायचं. रात्री रस्त्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात. एका चांगल्या मृदंग्याचा हात त्यात कायमचा गेला, तो परतत होता माझ्याच कीर्तनाहून. त्या रात्री मी त्याला थांबवलं नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांकडून हे वचन घेतो, तुमच्याकडूनही घेतो.

मुलांचं शिबिर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घेऊन टाका. लग्नांच्या आधी, शाळांना सुट्टी लागली की लगेच. सात-आठ दिवस, सकाळी सहा ते नऊ. हरिपाठाचे सत्तावीस अभंग त्यात होत नाहीत आणि घाईने करूही नयेत. पाच अभंग अर्थासकट, पावली, आणि टाळ धरायला शिकवणं एवढं पुरे. टाळ मुलींच्याही हातात द्या. आपल्या भागात अजून मुलींना ओळीने बसवून नुसतं ऐकायला लावतात. ३० एप्रिलला तुकडोजी महाराजांची जयंती, ग्रामजयंती, येते. त्या दिवशी समारोप केला तर गावातलं गुरुदेव सेवा मंडळही सोबत येईल आणि खंजिरी-मृदंग एका ओट्यावर बसतील.

२० जूनला तुम्ही निघाल. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात पाठ म्हणायला जागा मिळाली तर म्हणा. अधिक महिन्यामुळे माउलींच्या पालखीचं प्रस्थान यंदा जुलैवर गेलंय, म्हणजे आळंदीला पोचल्यावर प्रस्थानाच्या आधी दोन आठवडे हाताशी आहेत. अमृतानुभवाचं उरलेलं तिथे, अध्यापकांपुढे बसून करा.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथे बराच वेळ थांबलो. गावातल्या विणेकरी बाबांचं वय ब्याऐंशी आहे आणि हल्ली ते काकड्याला येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. उद्या सकाळी त्यांच्याकडे जा. मोबाइल न्या, पण आधी परवानगी विचारा आणि पहिल्या दिवशी काहीच रेकॉर्ड करू नका, नुसते पायांशी बसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना काकड्यातले वासुदेव, आंधळा, पांगुळ हे अभंग म्हणायला सांगा. आवाज थरथरेल, मधले चरण गळतील, तरी मध्ये बोलू नका. ज्या चालीत ते पांगुळ म्हणतात ती चाल आमच्या गावात आता कुणालाच येत नाही. म्हणणारे शेवटचे दोघं गेल्याला सहा वर्षं झाली. बाबांना माझा दंडवत सांगा, आणि त्यांनी म्हटलं तर मला ऐकवा.